घरचा संगणक बंद पडल्यास : कारागीर बोलावण्याआधी काय पाहावे



ऊस विकास अधिकाऱ्याने संगणकावर लेख लिहावा हे पाहून काही मंडळी हसतील, हे मला ठाऊक आहे. बेणे, लागण, बांधणी, हुमणी, खोडवा हे आमचे विषय. परंतु कर्जत-खालापूर भागातल्या सभासदांचे जे फोन मला येतात, त्यांत अलीकडे एक नवीनच तक्रार ऐकू येते. "साहेब, प्लॉट ठीक आहे, पण घरातला कॉम्प्युटर बंद पडलाय. तुमच्या ओळखीचा कोणी आहे का?"

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांच्या अभ्यासासाठी पुष्कळ घरांत संगणक आला. कोणी नवा घेतला, कोणी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडून जुना आणला. शाळा सुरू झाल्या, पण यंत्र घरात राहिले आणि आता त्याच्यावाचून अडते. डिजिटल सातबारा त्यावर, ठिबकच्या अनुदानाचा महाडीबीटीवरचा अर्ज त्यावर, मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म त्यावर. आणि यंत्राचा स्वभाव असा, की अर्जाची मुदत उद्या संपत असली की ते आज बंद पडते.

आपल्याकडे कारागीर म्हणजे कर्जत, नेरळ नाहीतर खोपोली. कशेळे, कडाव, चौक, वावोशी इकडच्या माणसाने तो डबा गोणपाटात गुंडाळून रिक्षात घालायचा, दुकानात ठेवायचा, दोन दिवसांनी परत जायचे. येण्याजाण्याचे भाडे आणि दुरुस्तीची मजुरी देऊन झाल्यावर कळते काय, तर मागची एक वायर सैल होती. असे मी एकदा नव्हे, पुष्कळदा पाहिले आहे. मी काही संगणकाचा इंजिनियर नाही, माझी पदविका शेतीची. पण शेतीत जी पाहण्याची पद्धत शिकलो तीच इथे चालते, एवढे मात्र अनुभवाने सांगू शकतो.

मोटर बंद पडली तर आपण काय करतो?

मोटर चालू झाली नाही म्हणून कोणी लगेच ती विहिरीतून वर काढत नाही. आधी पाहतो लाईट आहे का. आहे, तर तिन्ही फेज आहेत का. मग फ्यूज, मग स्टार्टर ट्रिप झाला आहे का. मोटर गुणगुणते पण पाणी येत नाही, तर फूट व्हॉल्व्ह धरत नसेल किंवा पाइपात हवा शिरली असेल. वीज जिथून येते तिथून निघायचे आणि एकेक टप्पा पुढे सरकायचे. संगणकाचेही नेमके असेच आहे. भिंतीतल्या सॉकेटपासून निघा आणि पडद्यापर्यंत या. जिथे अडते तिथे दोष.

दुसरी गोष्ट. ऊस पिवळा दिसला की काहीजण एकाच दिवशी युरिया टाकतात, फेरस सल्फेट फवारतात आणि पाणीही देतात. ऊस हिरवा झाला तर कशाने झाला हे कळत नाही, नाही झाला तर काय राहिले तेही कळत नाही. संगणकापाशी बसल्यावरही लोक असेच करतात. चार बटणे दाबतात, तीन वायरी उपसतात, काहीतरी पुसून टाकतात. तसे करू नका. एका वेळी एकच बदल करायचा, काय झाले ते पाहायचे, मग पुढचा. जवळ वही ठेवली तर फारच उत्तम.

आता क्रमाने पाहू.

भिंतीपासून सुरुवात

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, ना दिवा, ना पंख्याचा आवाज. अशा वेळी संगणकाकडे पाहूच नका. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावा. तो चालला तर सॉकेट ठीक. नाही चालला तर काम वायरमनचे आहे, संगणकवाल्याचे नाही. मग एक्स्टेन्शन बोर्ड. हा बोर्ड बहुतेक घरांत सर्वांत स्वस्त वस्तू असतो आणि सर्वांत आधी तोच दगा देतो. आतल्या पट्ट्या सैल होतात, पिन नुसती टेकलेली राहते. संगणक थेट भिंतीत लावून पाहावा.

यूपीएस असेल तर त्याची परीक्षा वेगळी. लाईट असताना संगणक नीट चालतो आणि लाईट जाताच त्या क्षणी बंद पडतो, तर बॅटरी संपली समजा. ही बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जितक्या वेळा जाते ते पाहता तीन वर्षे टिकली तर नशीब म्हणायचे. (टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, म्हणजे आपल्या उशाला वीज तयार होते त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तरी आषाढात मेणबत्ती शोधावी लागतेच, हा वेगळा विषय.) काही यूपीएस बॅटरी पूर्ण मेल्यावर लाईट असतानाही सुरू होत नाहीत. तेव्हा यूपीएस वगळून संगणक सरळ भिंतीत लावून बघा. चालला तर बदलायची फक्त बॅटरी. लेसर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. तो सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो.

डब्याच्या मागे, जिथे वीजेची जाड वायर शिरते तिथे, एक लहान बटण असते. त्यावर आडवी-उभी रेघ आणि गोल अशी खूण असते. घर झाडताना, टेबल सरकवताना ते बंद होते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. गोल दाबलेला असेल तर यंत्र बंद, रेघ दाबलेली असेल तर चालू.

एवढे पाहूनही हालचाल नसेल तर वायर काढा, चालू करायचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, सोडा, वायर परत लावा आणि सुरू करा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते आणि पुष्कळदा यंत्र जागे होते. लॅपटॉपलाही चार्जर काढून हाच उपाय. तरीही निपचित असेल तर वीजपुरवठ्याचा आतला डबा गेला असण्याचा संभव आहे. त्याला एसएमपीएस म्हणतात. तो डबा घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या आत झटका बसण्याइतकी वीज काही काळ साठून राहते. तो बदलणे कारागिराचे काम, आणि ते फार महागाचेही नाही.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार वाडीवस्तीवरच्या घरांतून येते. हा संगणकाचा दोष नसून घराला अर्थिंग नाही किंवा ते सुकले आहे. मोटरीसाठी आपण मीठ-कोळसा घालून खड्डा करतो, वर पाणी ओततो, तसेच घराचेही पाहिजे. याकडे हयगय करू नये. मुले अनवाणी बसलेली असतात.

पंखा फिरतो पण पडदा काळा

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. प्रथम मॉनिटरचा स्वतःचा दिवा पाहा. दिवाच नसेल तर मॉनिटरला वीज नाही, त्याची वायर वेगळी असते. दिवा नारिंगी किंवा लुकलुकणारा असेल, पडद्यावर "नो सिग्नल" येऊन जात असेल, तर मॉनिटर जिवंत आहे, पण डब्याकडून त्याला काही पोचत नाही. मधली वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. जुन्या निळ्या टोकाच्या वायरीला दोन स्क्रू असतात, ते हाताने आवळा. टोकातल्या बारीक पिना वाकल्या आहेत का तेही उजेडात धरून पाहा.

आता कीबोर्डवरचे "कॅप्स लॉक" दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो तर डबा आतून काम करतो आहे, दोष पडद्याकडे शोधावा. दिवा हलत नसेल तर यंत्र अडकले आहे. चालू करायचे बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरले की ते बंद होते. हा शेवटचा उपाय आहे, रोजची सवय नव्हे. आणि पडद्यावर अपडेट चालू आहे, बंद करू नका असे लिहून आले असेल तर खरोखरच बंद करू नका. तास लागला तरी थांबावे. भट्टी पेटलेली असताना कढई उतरवण्यासारखे ते होईल.

डबा सुरू करताच टूं-टूं असे ओरडत असेल तर बहुधा रॅमची पट्टी सैल झालेली असते किंवा तिच्या पिवळ्या दातांवर मळ चढलेला असतो. आपल्या हवेत पावसाळ्याअखेर हे हमखास होते. कारागीर येतो, पट्टी काढतो, शाळेच्या खोडरबराने दात घासतो आणि परत बसवतो. ज्याचा हात स्थिर आहे त्याने हे घरी करायला हरकत नाही. मात्र वायर पूर्ण काढून, डब्याच्या लोखंडाला हात टेकवून अंगातली वीज उतरवून, पट्टी कडेला धरूनच. परत बसवताना दोन्ही बाजूंना खट् असा आवाज येईपर्यंत दाबायची. ज्याला भीती वाटते त्याने या वाटेला जाऊ नये, त्यात कमीपणा नाही.

माझे स्वतःचे झालेले नुकसान

हा धडा मला फुकट मिळालेला नाही. २०२१ च्या ऑगस्टमधली गोष्ट. एके दिवशी घरचा संगणक सुरू केला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली, योग्य ते बूट डिव्हाइस निवडा अशा अर्थाची. पुन्हा बंद करून चालू केला, पुन्हा तेच. मी घाबरलो आणि लगेच एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पाहिले आणि म्हणाला, "विंडोज उडालीय. फॉरमॅट मारतो, नवीन टाकतो." त्याच वेळी मला एका सभासदाचा फोन आला, त्यांच्या लागणीत पाणी साचले होते. मी फोनवर बोलता बोलता हातानेच खूण केली, करा काय करायचे ते.

फॉरमॅट म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हते. वाफ्याची नांगरट करून नव्याने सरी पाडावी तसे काहीतरी असेल असे वाटले. आणि खरोखर तसेच असते. जुने पीक राहत नाही.

नऊ वर्षांच्या माझ्या नोंदी त्यात होत्या. कोणत्या प्लॉटात कधी लागण, फुटवे किती, को ८६०३२ चा आडसालीचा उतार आणि त्याच रानातल्या खोडव्याचा उतार, कोणत्या वर्षी पाऊस कधी थांबला, सगळे. त्यांतले थोडे कारखान्याच्या दप्तरात सापडले, बाकी गेले. पण ते एक वेळ चालेल. माझ्या वडिलांचा एक फोटो त्यात होता. उसाच्या कडेला उभे राहून, हात वर करून ऊस किती उंच झाला ते दाखवताहेत असा. कागदावरचा मूळ फोटो भिंतीच्या ओलीने खराब झाला म्हणून मीच तो संगणकात घेतला होता आणि मूळ टाकून दिला होता. वडील २०१८ साली वारले. घरात त्यांचे दुसरे फोटो आहेत, पण ते लग्नकार्यातले, टोपी-कोट घातलेले. रानातला तो एकच होता.

महिन्याभराने तीच इंग्रजी ओळ पुन्हा आली. मी कपाळाला हात लावून बसलो. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती डब्यामागे वाकली आणि म्हणाली, "बाबा, मागे पेन ड्राइव्ह राहिलाय." तिने तो उपसला, यंत्र बंद करून चालू केले, आणि ते सुरू झाले.

त्याचे कारण असे. काही यंत्रे सुरू होताना आधी पेन ड्राइव्हमध्ये विंडोज आहे का ते शोधतात. तिथे नुसती गाणी किंवा फायली असतील तर तिथेच अडून बसतात. आता मला नीट आठवते, त्या दुरुस्तीवाल्याने काम सुरू करताना स्वतःचा पेन ड्राइव्ह लावण्यासाठी आमचा काढून टेबलावर ठेवला होता. त्या क्षणी यंत्र एकदा बंद करून चालू केले असते तर काहीच करावे लागले नसते. त्या माणसाला मी फार दोष देत नाही. त्याच्याकडे दिवसाला दहा यंत्रे, त्याला माझा फोटो काय माहीत? त्याने विचारायला हवे होते, हे खरे. आणि मी फोन खाली ठेवून ऐकायला हवे होते, हेही खरे. फॉरमॅट झाल्यावर लगेच यंत्र न वापरता जाणकाराकडे नेले असते तर थोडेफार परत मिळाले असते, असे मागाहून कळले. आम्ही महिनाभर त्यावर मुलीची शाळा चालवली होती.

तेव्हा अशी ओळ आली तर प्रथम पेन ड्राइव्ह, मोबाईलची वायर, कॅमेऱ्याचे कार्ड, जे जे लावले असेल ते सगळे काढा आणि पुन्हा सुरू करा. तरीही तीच ओळ आली, तर आतल्या हार्ड डिस्कची वायर सैल असू शकते किंवा डिस्क खरोखर गेलेली असू शकते. डिस्कमधून टक्-टक् किंवा खरखर असा आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. प्रत्येक वेळी आतला मजकूर आणखी खरवडला जातो. यंत्र बंद ठेवा आणि कारागिराला पहिले वाक्य हे सांगा, की मला आतले कागद पाहिजेत, यंत्राचे नंतर बघू.

आतले कागद दुसरीकडे उतरवून ठेवणे हे काम तर यंत्र धडधाकट असतानाच करायचे असते. सातबारा, कर्जाचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे, फोटो, हे एका पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवावा, संगणकाला लावून ठेवू नये. शिवाय गुगल ड्राइव्ह किंवा तशा ठिकाणी आणखी एक प्रत. आमच्या घरी आता मी वर्षातून दोनदा हे करतो, गाळप सुरू होताना एकदा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पावसाळ्याआधी, एकदा.

आपला पावसाळा आणि संगणक

वर घाटावरच्या सभासदांना धुळीचा त्रास, आपल्याला ओलीचा. चार महिने कौलारू घरात कापडसुद्धा दमट राहते, मग यंत्राचे काय सांगावे! यंत्र वापरात नसले तरी पावसाळ्यात दिवसाआड अर्धा तास चालू ठेवावे. आतल्या उष्णतेने ओल सुकते. चालू असताना त्यावर प्लॅस्टिकचे आवरण कधीही घालू नये, गरम हवा कोंडते. भिंतीला चिकटवून ठेवू नये, वीतभर अंतर असावे. डब्याच्या मागच्या जाळीतून पाली आणि मुंग्या आत शिरतात. एका घरी पंखा का अडकतो म्हणून पाहिले तर आत पालीची अंडी होती. वर्षातून दोनदा वायर काढून, बाजूचे झाकण उघडून मऊ ब्रशने आतली घाण झाडावी. ओले फडके आत नेऊ नये. पंख्याची पाती बोटाने धरून मग झाडावीत.

वीज कडाडू लागली की नुसते बटण बंद करून भागत नाही. भिंतीतली पिन उपसावी आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही उपसावी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जळालेली यंत्रे मी पाहिली आहेत, ती बहुतेक या दुसऱ्या वायरीने जळालेली. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, हे खरे, पण त्याच्या राऊटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो.

२००५ च्या २६ जुलैला आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत उल्हासच्या काठी पुराचे पाणी लोकांच्या घरांत शिरले. भिजलेले यंत्र चालते का म्हणून कोणी लगेच सुरू करून पाहू नये. भिजल्याने यंत्र मरतेच असे नाही. ओले असताना वीज दिल्याने ते मरते. वीज न देता तसेच कारागिराकडे न्यावे.

प्रिंटरचा कागद पावसाळ्यात दमट होतो, दोन-दोन पाने एकत्र ओढली जातात आणि आपण म्हणतो प्रिंटर बिघडला. कागद बियाणासारखा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि लागेल तेवढाच काढावा.

इंटरनेट नाही, म्हणजे संगणक बिघडला असे नाही

पुष्कळजण या दोन गोष्टी एकच समजतात. त्याच वायफायवर मोबाईल चालतो का ते पाहा. मोबाईलही चालत नसेल तर संगणकाला हात लावू नका, दोष बाहेर आहे. फायबरच्या पेटीवर "एलओएस" लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर बाहेरची तार तुटली आहे किंवा वाकली आहे. रस्त्याचे खोदकाम, पडलेली फांदी, वानरे, काहीही कारण असू शकते. त्याला कंपनीच पाहिजे. लाल दिवा नसेल तर पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा आणि दोन-तीन मिनिटे दम धरा. अर्जाची मुदत गळ्याशी आली असेल तर मोबाईलचे हॉटस्पॉट लावून काम उरकून घ्यावे, दुरुस्ती मागाहून.

एक गंमतीचा दोष सांगतो. संगणक सुरू आहे, इंटरनेट आहे, पण कोणतीही सरकारी साइट उघडली की सुरक्षित नाही असा इशारा येतो. लोक घाबरतात, व्हायरस म्हणतात. कोपऱ्यातली तारीख पाहा. ती कितीतरी वर्षे मागची असेल. डब्याच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. यंत्र बंद असताना घड्याळ चालवणे हे त्याचे काम. तो संपला की यंत्र दर वेळी जुनी तारीख धरते आणि आजची प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटतात. तारीख हाताने दुरुस्त करा, काम चालू होईल. सेल थोड्या पैशांत घड्याळवाल्याकडेही मिळतो.

यंत्र मंद झाले असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. कोण किती खातो आहे त्याची यादी येते. डिस्क काठोकाठ भरली असेल तरी यंत्र रखडते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे यंत्र बंद पडत नाही, "आता हे भंगारात टाका" असे कोणी सांगितले तर लगेच ऐकू नका. परंतु नवीन सुरक्षा मिळत नसल्याने अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार न करणे बरे.

पडद्यावर भोंगा वाजला तर

याबद्दल कळकळीने लिहितो. एकाएकी पडदाभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो, तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा. हा नंबर चोराचा असतो. मायक्रोसॉफ्ट कोणाच्या घरी आपणहून फोन करीत नाही. फोन केलात तर पलीकडचा गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घालायला सांगतो. ही साधने मुळात चांगली आहेत, पण त्यांनी तुमचा पडदा आणि माऊस त्याच्या हातात जातो. इंटरनेट बंद करा, यंत्र बटण दाबून बंद करा. बहुतेक वेळा एवढ्याने तो इशारा जातो. प्रिंटर कंपनीचा नंबरही इंटरनेटवर शोधून फोन करू नये, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. खोक्यावर किंवा बिलावर छापलेला नंबर घ्यावा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच घटकेला १९३० या सायबर मदत क्रमांकावर सांगा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत सांगितले तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.

कारागीर बोलावताना

एवढे करून यंत्र चालले नाही तर जरूर कारागीर बोलवावा. त्याची विद्या वेगळी आहे आणि तिचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. परंतु "बंद पडलाय" एवढेच सांगू नये. तुम्ही मला नुसते "ऊस बिघडलाय" म्हणालात तर मी काय घेऊन येऊ? कोणता दिवा लागतो, कोणता लागत नाही, आवाज येतो का, कधीपासून, आणि बिघडण्याआधी शेवटचे काय केले होते, हे सांगावे. पडद्यावर इंग्रजी मजकूर आला असेल तर मोबाईलने त्याचा फोटो काढून व्हॉट्सअपवर पाठवावा. चांगला कारागीर निम्मे तिथेच ओळखतो आणि लागणारा भाग बरोबर घेऊन येतो.

तो आल्यावर मधे फोन आला तरी उठू नका. फॉरमॅट हा शब्द निघाला की थांबवा आणि विचारा, आधी आतले उतरवून घेणार ना? कुठे घेणार, ते दाखवा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. जुनी डिस्क तर कोणालाही देऊ नका, तुमचे कागद तिच्यातच असतात. बँकेचा पासवर्ड, ओटीपी त्याला लागत नाही.

ज्या सभासदांना आपले कागद पेन ड्राइव्हवर कसे उतरवावेत हे पाहायचे असेल त्यांनी गट कार्यालयात ऊसनोंदीला येताना रिकामा पेन ड्राइव्ह बरोबर आणावा. मी नसलो तर आमचे कृषी सहायक दाखवतील. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणले तर अधिक बरे, आमच्या घरचा अनुभव तसाच आहे.

— ऊस विकास अधिकारी